घरच्या एस्प्रेसो मशीनसाठी कॉफीच्या बिया कशा निवडाव्यात

'एस्प्रेसो बीन्स' नावाची कॉफीची वेगळी जात नसते. एस्प्रेसो ही कॉफी काढण्याची पद्धत आहे आणि तिच्यासाठी कुठल्याही बिया चालतात. पाकिटावर तो शब्द छापलेला असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की भाजणाऱ्याने त्या एस्प्रेसो डोळ्यांसमोर ठेवून भाजल्या आहेत. बहुतेक वेळा म्हणजे जरा जास्त भाजल्या आहेत.

तरीही निवडीला महत्त्व आहे. साध्या गाळलेल्या कॉफीत १ ग्रॅम पुडीला साधारण १६ ग्रॅम पाणी आणि तीन-चार मिनिटं मिळतात. एस्प्रेसोत १ ग्रॅम पुडीतून जेमतेम २ ग्रॅम कॉफी निघते, तीही सुमारे ९ बार दाबाखाली, २५ ते ३० सेकंदांत. गाळलेल्या कॉफीत विरघळलेला अंश साधारण दीड टक्क्याच्या आत असतो; एस्प्रेसोत तो ८ ते १२ टक्के. त्यामुळे बियांमधला आंबटपणा, कडवटपणा, शिळेपणा, सगळं काही पट वाढून जिभेवर येतं. एरवी छान लागणाऱ्या बिया मशीनमधून काढल्यावर दात आंबतील इतक्या आंबट लागतात, ते यामुळेच.

नवख्या माणसाने विचाराचा क्रम असा ठेवावा: आधी आपलं मशीन आणि ग्राइंडर, मग रोस्ट (बिया किती भाजल्या आहेत ते), मग भाजल्याची तारीख. देश, मळा, जात, चवीची वर्णनं हे सगळं त्यानंतर. पाकिटावर मात्र छपाईचा क्रम नेमका उलटा असतो.

पायरी १: मशीनला काय झेपतं ते पाहा

पोर्टाफिल्टर म्हणजे पुडी भरून मशीनला अडकवायचा दांडा; त्यातली बास्केट, म्हणजे पुडी भरायची धातूची वाटी, काढून उजेडात धरा. तळाला सगळीकडे बारीक छिद्रांची जाळी दिसली आणि तीच बाहेरूनही दिसली, तर ती साधी, एकेरी भिंतीची बास्केट. आत जाळी, पण बाहेरून तळाला एकच टाचणीएवढं भोक असेल, तर ती दुहेरी भिंतीची, म्हणजे दाब स्वतः तयार करणारी बास्केट. हा फरक ओळखल्याशिवाय बिया घ्यायला जाऊ नका.

दुहेरी बास्केटमध्ये दाब त्या एका भोकामुळे तयार होतो, दळणामुळे नाही. म्हणून ती थोड्या जाड किंवा असमान दळणालाही सांभाळून घेते. वर येणारा फेसही बराचसा त्या भोकातून जोरात बाहेर पडल्यामुळे झालेला असतो. त्यावरून बियांची परीक्षा होत नाही. या बास्केटमध्ये महागड्या, हलक्या भाजलेल्या, फुलांच्या वासाच्या बिया घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मध्यम-गडद रोस्ट घ्या, कप चांगला येईल.

एकेरी बास्केटमध्ये सगळा अडथळा पुडीनेच करायचा असतो. इथे ताज्या बिया आणि एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये बी चिरडणारा), दोन्ही लागतात. पात्याचा ग्राइंडर, म्हणजे मिक्सरसारखा फिरणारा, चालत नाही. त्यात निम्मं पीठ होतं आणि निम्मं भरड राहतं. पीठ जास्त उतरून, म्हणजे पाण्यात जास्त विरघळून, कडू होतं, भरड अर्धवट उतरून आंबट राहते, आणि दोन्ही एकाच कपात येतात. ग्राइंडर नसेल तर तूर्त दुहेरी बास्केट आणि एस्प्रेसोसाठी दळून घेतलेली ताजी पुडी, तीही छोट्या पाकिटात, हाच मार्ग बरा. मात्र पुडी चिकोरी मिसळलेली नसावी.

मग तापमान. लहान मशीनमध्ये पाणी थर्मोब्लॉकने (पाणी आतून जाता जाता तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याने) किंवा छोट्या बॉयलरने तापतं आणि नेमक्या आकड्यावर टिकत नाही. पहिला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, बहुधा थंडच निघतो, कारण पोर्टाफिल्टर आणि कप उष्णता शोषून घेतात. हलक्या रोस्टला ९३ ते ९६ अंश सेल्सिअस पाणी लागतं, मध्यमला ९१ ते ९३, गडदला ८८ ते ९१ पुरतं. तापमान बदलण्याची सोय तुमच्या मशीनमध्ये नसेल तर हलका रोस्ट सध्या विसरा. खोक्यावर '१५ बार' लिहिलंय म्हणून भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब असतो, आणि जास्त दाबाने कॉफी जास्त चांगली होत नाही.

बटण दाबलं की दळण्यापासून कॉफीपर्यंत सगळं स्वतःच करणारं मशीन असेल तर नियम वेगळा. तेलाने चकाकणाऱ्या बिया त्यात घालू नका. तेल आतल्या ग्राइंडरच्या नळीत पुडीला धरून बसतं, गाठी होतात, आणि ते सगळं उघडून साफ करणं सोपं नसतं. कोरड्या, चमक नसलेल्या मध्यम रोस्टच्या बियाच घ्या. व्हॅनिला, हेझलनट असे वास लावलेल्या बियांचंही तेच. तो वास पुढचे कित्येक कप सोडत नाही.

पायरी २: रोस्ट ठरवा

पहिल्या पाकिटासाठी मध्यम किंवा मध्यम-गडद. याला पर्याय शोधत बसू नका.

का, ते बियांच्या आत काय घडतं त्यावरून कळतं. हिरवी बी तापत गेली की साधारण १९६ अंशांना पहिल्यांदा तडतडते. वाफ आणि वायूच्या दाबाने ती फुगते. या तडतडीनंतर लगेच उतरवलेला तो हलका रोस्ट. पुढे २२४ अंशांच्या आसपास दुसरी, बारीक आवाजाची तडतड होते. तिच्यात आणि तिच्यापुढे गेलेला तो गडद. जितकं जास्त भाजाल तितकी बी पोकळ आणि ठिसूळ होते, आणि तिच्यातलं जे विरघळायचं ते लवकर विरघळतं. मध्यम-गडद बी घरगुती मशीनच्या कमी-जास्त तापमानात, जरा चुकलेल्या दळणातही पुरेशी उतरते. हलकी बी कडक असते; ती दळताना ग्राइंडरला जोर लागतो, दळण आणखी बारीक लागतं, पाणी अधिक गरम लागतं, आणि १८ ग्रॅमला ३६ ग्रॅमऐवजी ४५ ते ५० ग्रॅम कॉफी काढावी लागते. यातलं एक जरी जमलं नाही तरी कप आंबट.

रोस्टची नावं मात्र प्रमाणित नाहीत. एकाचा 'मध्यम' दुसऱ्याचा 'मध्यम-गडद' असतो. म्हणून नावापेक्षा बीकडे पाहा:

- हलका: फिकट तपकिरी, पृष्ठभाग कोरडा आणि किंचित सुरकुतलेला, मधल्या चिरेतलं साल पांढरट. दोन बोटांत दाबून मोडत नाही.
- मध्यम: तपकिरी, गुळगुळीत, कोरडा.
- मध्यम-गडद: गडद तपकिरी, कुठेकुठे तेलाचा एखादा ठिपका. जोर लावला की मोडते.
- गडद: काळपट, सगळीकडे तेलाची चमक. बोटांत चुरा होतो.

तेलाबाबत एक बारकावा. गडद बीवर तेल पहिल्या काही दिवसांतच येतं, त्यात गैर काही नाही. पण मध्यम म्हणून विकलेली बी तेलकट दिसली तर दोनपैकी एक: ती मध्यम नाही, किंवा ती जुनी आहे. तेल हळूहळू आतून बाहेर झिरपतं आणि बाहेर आलं की हवेने खवट होतं.

गडद म्हणजे जास्त कॅफीन, हा समज काढून टाका. वजनाला वजन पाहिलं तर भाजण्याने कॅफीनमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. कॅफीन ठरतं ते बी कुठल्या प्रजातीची आहे त्यावर.

पायरी ३: भाजल्याची तारीख शोधा

पाकिटावर दोन प्रकारच्या तारखा असतात. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' ही आपल्या कामाची नाही. ती भाजल्यापासून वर्ष-दीड वर्ष पुढचीही असू शकते. हवी ती भाजल्याची तारीख. ती छापलेलीच नसेल तर पाकीट खाली ठेवा. इतर सगळं कितीही आकर्षक असलं तरी.

ताजी म्हणजे आज भाजलेली, असंही नाही. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो दिवसांच्या हिशेबाने बाहेर पडत राहतो. दोन दिवसांपूर्वी भाजलेली बी मशीनमध्ये घातली तर हा वायू पुडीतून जोरात सुटतो, पाण्याची वाट मोडतो, आणि कपात मोठमोठ्या बुडबुड्यांचा, फिकट फेसाचा ढीग येतो जो बघताबघता बसतो. चव बोचरी लागते. शिवाय तोच डोस (पुडीचं वजन), तेच दळण ठेवूनही एक शॉट २० सेकंदांत आणि पुढचा ३५ सेकंदांत येतो. शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

म्हणून बिया मुरू द्याव्या लागतात. गडद रोस्टला ५ ते ७ दिवस, मध्यमला ७ ते १४, हलक्याला दोन ते तीन आठवडे. वापरण्याचा चांगला काळ तिथून सुरू होऊन भाजल्यापासून सहा आठवड्यांपर्यंत धरा. गडद बिया याआधीच उतरणीला लागतात. त्यानंतर कॉफी विषारी होत नाही, पण क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, पातळ आणि मिनिटभरात विरणारा येतो, शॉट भराभर पळतो आणि चव कुबट, कागदी होते. दळण बारीक करून वेळ सावरता येते. गेलेला सुगंध परत येत नाही.

पाकिटाला छोटी गोल झडप असेल तर चांगलं. आतला वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पण झडप म्हणजे ताजेपणाचा पुरावा नव्हे. झडपेच्या पाकिटातही वर्षभर जुन्या बिया असू शकतात.

पायरी ४: अरेबिका की रोबस्टा

अरेबिकात कॅफीन साधारण १.२ ते १.५ टक्के, रोबस्टात २.२ ते २.७. कॅफीन स्वतः कडू असतं, शिवाय रोबस्टात साखर आणि तेल कमी. म्हणून ती अधिक कडवट, जाड, मातकट लागते. पण तिच्यामुळे क्रेमा दाट आणि टिकाऊ येतो, आणि कॉफीला अंग येतं. इटालियन धाटणीच्या मिश्रणांत १० ते ३० टक्के, कधी त्याहूनही जास्त रोबस्टा घातली जाते ती याचसाठी.

'१०० टक्के अरेबिका' ही पाटी दर्जाची हमी नाही. निकृष्ट अरेबिका भरपूर विकली जाते, आणि काळजीपूर्वक पिकवलेली, धुतलेली रोबस्टा तिच्यापेक्षा कितीतरी सरस निघते. दुधाची, कडक कॉफी आवडत असेल तर २० टक्क्यांच्या आसपास रोबस्टा असलेलं मिश्रण बिनधास्त घ्या. बिनदुधाची पिणार असाल, किंवा संध्याकाळी कॉफी प्यायलात की झोप उडत असेल, तर निखळ अरेबिका.

पायरी ५: दुधासोबत की नुसती

१८ ग्रॅम पुडीतून निघालेला ३६ ग्रॅमचा शॉट १२० ते १५० मिलिलिटर दुधात पडला की नाजूक सुगंध दबतात. चॉकलेट, भाजलेले दाणे, कॅरमेल अशा चवी दुधातून वर येतात. फुलांचा, लिंबासारख्या फळांचा बाज हरवतो किंवा दुधाबरोबर विचित्र आंबूस लागतो. दूध कडवटपणा गिळतं, म्हणून नुसती पिताना नकोशी वाटणारी मध्यम-गडद कॉफी दुधात अगदी योग्य बसते.

घरात दोघांची आवड वेगळी असेल तर सुरुवातीला दोन पाकिटं उघडू नका. बिया बदलल्या की दरवेळी दळण नव्याने बसवावं लागतं, आणि आधीच्या बियांची काही ग्रॅम पुडी ग्राइंडरमध्ये अडकून पुढच्या कपात येते. मध्यम-गडद अरेबिका मिश्रण दोघांनाही चालून जातं.

पायरी ६: पाकिटावरची बाकीची भाषा

'चवीच्या नोंदी' म्हणजे बियांना लावलेले वास नव्हेत. चाखणाऱ्याला जे आठवलं ते त्याने लिहिलं. त्यावरून नवख्याने एकच गोष्ट ओळखावी: आंबटपणा किती असेल. चॉकलेट, बदाम, कॅरमेल, काकवी असे शब्द असतील तर कमी. संत्रं, लिंबू, बेरी, मोगरा, चहा, वाइन असे शब्द असतील तर जास्त, आणि रोस्टही बहुधा हलका.

प्रक्रियेचाही चवीवर मोठा हात असतो. धुतलेल्या बिया, म्हणजे फळाचा गर आधी काढून मग वाळवलेल्या, स्वच्छ आणि स्पष्ट चवीच्या. नॅचरल, म्हणजे अख्खं फळ वाळवून मग बी काढलेल्या, गोडसर, फळांच्या वासाच्या आणि अंगाने भरदार. कधीकधी आंबवलेल्या फळासारख्याही लागतात. हनी ही मधली वाट: साल काढायचं, चिकट गर तसाच ठेवून वाळवायचं. मध वगैरे त्यात काही नसतं.

देशांबद्दल थोडक्यात. ब्राझीलच्या बिया कमी आंबट, दाणेदार-चॉकलेटी चवीच्या, म्हणून कित्येक एस्प्रेसो मिश्रणांचा पाया त्यांचाच असतो. कोलंबियाच्या धुतलेल्या बिया समतोल. इथिओपियाच्या धुतलेल्या बियांना फुलांचा आणि लिंबाचा सुगंध, नॅचरलना बेरीचा. केनियाच्या तेज आंबट, गाळून प्यायला सुंदर, एस्प्रेसोत हाताळायला अवघड. सुमात्राच्या मातकट आणि जड. भारताची मॉन्सून्ड मलबार ही वेगळीच गोष्ट आहे: पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या महिन्यांत हिरव्या बिया उघड्या गोदामांत पसरून दमट वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, पिवळट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. आंबटपणा अजिबात न सोसणाऱ्यांनी ही बी असलेलं मिश्रण आवर्जून पाहावं.

मळ्याची उंची, झाडाची उपजात, चाखणीचे गुण यांकडे पहिल्या दोन-तीन पाकिटांत लक्ष दिलं नाही तरी काही बिघडत नाही.

पायरी ७: किती घ्यायच्या

२५० ग्रॅमच्या पाकिटातून १८ ग्रॅमचे १३ शॉट निघतात. नव्या बियांचं दळण बसवताना त्यातले तीन-चार मोरीत जाणार हे धरून चला. प्यायला साधारण दहा राहिले. दिवसाला दोन कप म्हणजे पाच दिवस. शंभर ग्रॅमची नमुना पाकिटं म्हणूनच परवडत नाहीत: दळण जुळेपर्यंत पाकीट संपतं.

शिकण्याच्या काळात एकाच बियांची ५०० ग्रॅम ते १ किलो घ्या आणि तीच संपवा. दर पाकिटाला बिया बदलल्या तर चव बदलली ती बियांमुळे की तुमच्या हातामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

पायरी ८: पाकीट फोडल्यावर

मूठभर बिया पांढऱ्या ताटलीत पसरा. बाकीच्या तपकिरी असताना मधूनच एखादी फिकट, पिवळट बी दिसली तर ती कच्च्या फळातून आलेली. कितीही भाजली तरी तिचा रंग चढत नाही आणि तिची चव शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोरडी लागते. सापडतील तेवढ्या वेचून टाका. एका मुठीत एक-दोन असणं नेहमीचं आहे, सात-आठ असतील तर पुन्हा तिथून घेऊ नका. टाचणीएवढं भोक म्हणजे किडीचं. फुटक्या बिया फार असतील तर दळण असमान येतं. टोकाला काळे डाग किंवा खड्डे म्हणजे भाजताना आच जास्त लागली. कपात करपट चव येणार.

दोन वेगवेगळ्या रंगांच्या बिया दिसल्या म्हणून लगेच दोष देऊ नका. मिश्रणातल्या बिया कधी वेगवेगळ्या भाजून मग एकत्र केलेल्या असतात.

वास घ्या. ताज्या पाकिटाचा दरवळ फोडताक्षणी येतो. जुन्या तेलासारखा किंवा कोंदट वास आला तर त्या बियांवर कष्ट करू नका.

पायरी ९: पहिले शॉट

बियांचा निवाडा करण्याआधी दळण जुळवायलाच हवं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा लागतो. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

1. मशीन २० मिनिटं तापू द्या. पोर्टाफिल्टर जागेवर लावून, पुडी न घालता एकदा पाणी सोडा.
2. बास्केटवर जेवढा ग्रॅमचा आकडा आहे तेवढीच पुडी घ्या, फार तर १ ग्रॅम इकडेतिकडे. ५८ मिलिमीटर व्यासाच्या, डबल शॉटच्या बास्केटला बहुधा १८ ग्रॅम. ५१ मिलिमीटरची बास्केट यापेक्षा कमी घेते. दाबल्यानंतर पुडी आणि वरच्या जाळीमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा राहायला हवी.
3. दळण बारीक मिठापेक्षा किंचित बारीक ठेवून सुरुवात करा. बारीक सुईने पुडीतल्या गाठी मोडा, पृष्ठभाग सपाट करा, टॅम्पर (पुडी दाबायचा ठोकळा) सरळ धरून पुडी दबेपर्यंत दाबा. त्यापुढे आणखी जोर लावून काही मिळत नाही. टॅम्पर तिरका गेला तर मात्र नुकसान.
4. कप काट्यावर ठेवा. पंप सुरू होताच वेळ मोजा आणि कपात ३४ ग्रॅम दिसले की बंद करा. उरलेले दोन ग्रॅम थेंबांनी पडतात.
5. पंधरा सेकंदांतच झालं तर दळण बारीक करा. पंचेचाळीस लागले, थेंबथेंब आलं, तर जाड. डोस तोच राहू द्या. एका वेळी फक्त दळण हलवा, आणि हलवल्यावर दोन-तीन ग्रॅम पुडी दळून टाकून द्या, नाहीतर आधीचंच दळण कपात येईल.

वेळ २५ ते ३० सेकंदांत बसली की मग चाखा. वेळेचा आकडा हा फक्त चाखण्यालायक जागी पोचवतो. पुढचं जिभेने ठरवायचं.

आंबट, खारट, पाणचट: कॉफी पुरेशी उतरलेली नाही. कपातलं वजन ४० ते ४२ ग्रॅमपर्यंत वाढवा, किंवा तापमान एक-दोन अंश चढवा. तोंड कोरडं पाडणारी कडू, तुरट: जास्त उतरली. वजन ३२ वर आणा, तापमान उतरवा, किंवा दळण किंचित जाड करा. आंबट आणि कडू एकाच घोटात: पाण्याने पुडीत चोरवाट काढली. अशा वेळी शॉट अचानक फिका पडतो, तळ उघड्या पोर्टाफिल्टरमधून पिचकाऱ्या उडतात. यात बियांचा काही संबंध नाही. गाठी, तिरका टॅम्पर किंवा गरजेपेक्षा बारीक दळण, यांपैकी कारण असतं.

मग बियांवर बोट केव्हा ठेवायचं? दळण जुळलेलं, वेळ बरोबर, वजन ३२ पासून ४२ पर्यंत फिरवून पाहिलं, तरीही प्रत्येक कप आंबटच, तर रोस्ट तुमच्या मशीनसाठी फार हलका आहे. प्रत्येक कप करपट आणि राखेसारखा, तर फार गडद. प्रत्येक कप सपाट, काहीच न बोलणारा, तर शिळ्या. आणि प्रत्येक बियांची कॉफी तुम्हाला खवट लागत असेल तर आधी मशीनची वरची जाळी आणि ग्राइंडरचा हॉपर (बिया भरायचं वरचं भांडं) उघडून पाहा. जुनं तेल तिथे साचलेलं असतं.

एकच पाकीट वापरताना दळण रोज थोडं हलवावं लागतं, हे नवख्यांना कोणी सांगत नाही. बिया जुन्या होत जातात तसा शॉट दिवसाला दोन-तीन सेकंदांनी लवकर येऊ लागू शकतो. दळण एक खूण बारीक केलं की जागेवर येतो. हवा दमट झाली तरीही वेळेत फरक पडू शकतो.

साठवण

हवा, उष्णता, उजेड, दमटपणा, हे चार शत्रू. झाकण घट्ट बसणारा अपारदर्शक डबा, कपाटात, मशीनच्या डोक्यावर नाही. मशीनचा वरचा भाग कप गरम ठेवण्यासाठी असतो. तिथे ठेवलेल्या बिया लवकर मावळतात. हॉपरमध्ये त्या दिवसापुरत्याच घाला. फ्रिजमध्ये ठेवू नका: तिथे बिया सादळतात आणि शेजारच्या अन्नाचे वास धरतात.

फ्रीझर मात्र उपयोगी, नीट वापरला तर. बिया मुरल्यानंतर, म्हणजे भाजून दहा-बारा दिवस झाल्यावर, आठवडाभर पुरतील एवढ्या छोट्या पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांवर ठेवा. दोन-तीन महिने त्या जवळजवळ तशाच राहतात. बाहेर काढलेली पिशवी पूर्ण सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड बियांवर दव जमतं. एकदा काढलेली पुन्हा आत टाकायची नाही. १ किलोचं पाकीट घेणं परवडतं ते असं.

दुसरं पाकीट घेताना

कॅफीनमुक्त बिया घेणार असाल तर माहीत असू द्या: त्या भाजण्याच्या मानाने जास्त गडद दिसतात, लवकर शिळ्या होतात आणि शॉट भराभर येतो, म्हणून दळण दोन-तीन खुणा बारीक करून सुरुवात करा.

एरवी पहिल्या पाकिटापेक्षा एकच गोष्ट बदला. ब्राझीलची नॅचरल मध्यम-गडद आवडली असेल तर त्याच रोस्टची कोलंबियाची धुतलेली घ्या. कप कडू वाटत होता तर तेच मिश्रण पण रोस्ट एक पायरी हलका. दळण, वजन, वेळ आणि चव एका ओळीत लिहून पाकिटावरच चिकटवा: '१८ → ३६, २८ सेकंद, खूण ७, जरा आंबट'. तिसऱ्या पाकिटाच्या वेळी ती ओळ दुकानदाराला दाखवली तर त्याला तुम्हाला काय द्यायचं ते लगेच समजेल.